आई, मी आणि बोलोन्यातली त्रात्तोरिया

युरोपच्या सहलीत आपल्याकडच्या बहुतेक मंडळींचं रात्रीचं जेवण आधीच ठरलेलं असतं. दिवसभर चर्च, पूल, संग्रहालयं बघायची आणि संध्याकाळी बस थांबेल त्या भारतीय हॉटेलात पनीर, दाल फ्राय, जिरा राइस खायचा. शाकाहारी माणसांची त्यात सोय होते, हे खरं आहे. पण इटलीपर्यंत जाऊन इटलीचं जेवणच राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं. भाऊ म्युनिकला असतो. त्याच्याकडे आईला घेऊन गेले तेव्हाच मी ठरवलं होतं की आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीतून इटलीतल्या बोलोन्याला जाणारी गाडी पकडायची आणि एक रात्र तरी तिथल्या पारंपरिक त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खाणावळीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांच्या क्रमाने जेवायचं. आईसकट.

आई शाकाहारी. अंडं तिला चालतं, घरी आम्हाला ऑम्लेटही तीच करून द्यायची. मांस-मासे मात्र अजिबात नाहीत. मी सगळं खाते, हे तिला माहीत आहे आणि त्यावर आमच्यात बोलणं होत नाही.

शाकाहारी माणसाला न्यायला बोलोन्या हे इटलीतलं सर्वांत अवघड शहर असावं. दक्षिणेकडे, नेपल्स किंवा पुलियात, पास्ता म्हणजे कठीण गव्हाचा रवा आणि पाणी, त्यावर टोमॅटो, वांगी, पालेभाज्या, ऑलिव्हचं तेल. बोलोन्याचं तसं नाही. या शहराला इटालियन लोक ‘ला ग्रासा’ म्हणजे लठ्ठ म्हणतात, ते उगाच नाही. मोर्तादेल्ला हे डुकराच्या मांसाचं गुलाबी, जाडजूड सॉसेज इथलं. रागू, म्हणजे मांसाचा घट्ट सॉस, इथला. तळण परंपरेने डुकराच्या चरबीत. मांसाचा तुकडाही न दिसणाऱ्या पदार्थात मांसाचं सूप असू शकतं. आणि ज्याला आपण सरसकट पार्मेझान म्हणतो ते पार्मिजानो रेज्जानो याच प्रांतातलं. ते करताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. नियमच तसा आहे: दूध, मीठ आणि वासराचं रेनेट, याशिवाय चौथी वस्तू चालत नाही. म्हणजे खरं पार्मिजानो असेल तर ते काटेकोर शाकाहारात बसत नाही, मग ते कुठल्याही दुकानातून घ्या.

हे मी आईला गाडीतच सांगितलं. ऐन जेवणाच्या टेबलावर सांगणं मला बरोबर वाटलं नसतं.

“म्हणजे चीजसाठी वासरू मारतात?” तिने विचारलं.

“चीजसाठी म्हणून नाही मारत गं. पण येतं त्याच्याच पोटातून.”

तिने थोडा विचार केला. “मग मला नको. तू खा. मला दुसरं काहीतरी मिळेल की.”

काय मिळेल, हा प्रश्न आता माझा होता. रिकोटा हे मऊ चीज भरलेले तोर्तेल्लोनी, म्हणजे सारणाचा पास्ता, मी तिच्यासाठी डोक्यात धरून ठेवले होते. ते बाद झाले, कारण सारणात पार्मिजानो असतंच आणि रिकोटाही बहुधा अशाच चीजच्या निवळीतून काढतात. मी कागदावर इटालियनमध्ये लिहून काढलं: मांस नको, मासे नकोत, मांसाचं सूप नको, चरबी नको, प्राण्याचं रेनेट घातलेलं चीज नको, अंडं, दूध, लोणी चालेल. उतरलो त्या छोट्या हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंना तो दाखवला आणि सान व्हिताले रस्त्यावरच्या एका त्रात्तोरियात फोन करायला सांगितलं. त्यांनी कागद तसाच्या तसा फोनवर वाचून दाखवला, पलीकडचं बोलणं ऐकलं आणि म्हणाल्या, “साडेसात वाजता या. पोर्चिनी चालतात का, विचारताहेत.” पोर्चिनी म्हणजे जंगलात उगवणारं अळंबं, ऑक्टोबर हा त्याचा हंगाम. आईला अळंबी चालतात. इतकं सगळं एका फोनमध्ये झालं. पारंपरिक जागी जायचं असेल तर आधी फोन करावा, असं मी आता सगळ्यांना सांगते. जागा राखायला तर तो लागतोच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वयंपाकघराला तुमच्यासाठी विचार करायला दुपार मिळते.

दुपार आम्ही क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत घालवली. पियाझा मॅजोरे या मुख्य चौकाला लागूनच हा भाग आहे. इथे ओस्तेरिया देल सोले नावाचा गुत्ता आहे, 1465 पासूनचा म्हणतात. तिथे आजही फक्त प्यायला मिळतं, खायचं तुम्ही बाजारातून आणायचं. ओस्तेरिया म्हणजे मुळात दारूचं दुकान, त्रात्तोरिया म्हणजे घरगुती खाणावळ आणि रिस्तोरान्ते म्हणजे जरा थाटाचं ठिकाण, असा जुना फरक. आता पाट्यांवरून तो नेहमीच कळतो असं नाही. आई थबकली ती मात्र एका काचेपाशी. आत दोन बायका पास्ता लाटत होत्या. यांना स्फोल्यीना म्हणतात. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी नाही. मळून झाकून ठेवलेला गोळा लाकडी फळीवर हातभर लांब, बारीक लाटण्याने लाटायचा. लाटताना पारी लाटण्याभोवती गुंडाळायची, हात मधून कडांकडे सरकवत ताणायची, उलगडायची, थोडी फिरवायची, पुन्हा गुंडाळायची. शेवटी टेबलभर पसरलेली, पलीकडचा हात दिसेल इतकी पातळ चादर तयार होते. फळी मुद्दाम लाकडाचीच. तिच्या रेषांमुळे पारीला किंचित खरखरीतपणा येतो आणि सॉस धरून राहतो. गुळगुळीत पोलादाच्या यंत्रातून काढलेल्या पारीवरून तो घसरतो. आई बराच वेळ त्या बायकांच्या मनगटांकडे बघत होती. “जोर खांद्यातून लावतेय ती,” एवढंच म्हणाली.

संध्याकाळी अझिनेल्ली आणि गारिसेंदा या दोन मनोऱ्यांच्या बाजूने निघालो. गारिसेंदाचा कल धोक्याचा झाल्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरपासून तिच्या पायथ्याशी कुंपण आहे, जवळ जाता येत नाही. पण अझिनेल्लीकडे मान वर करून बघताना मी आईला ताल्यातेल्लेची गोष्ट सांगितली. 1972 मध्ये बोलोन्याच्या व्यापार मंडळात या फितीसारख्या पास्त्याची अधिकृत रुंदी नोंदवली गेली. शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजे अझिनेल्लीच्या उंचीचा 12,270 वा भाग. मनोरा 97 मीटरच्या थोडा वर आहे. भागून पाहिलं तर हिशेब जुळतो. रागूची कृती त्याच मंडळात 1982 साली नोंदवली आणि 2023 मध्ये तिच्यात सुधारणाही केली. जेवणाची नोंद सरकारी कागदासारखी जपणारं गाव मला मनापासून आवडतं.

सान व्हिताले रस्त्यावर दोन्ही बाजूंना कमानींचे ओटे आहेत, पाऊस आला तरी छत्री लागत नाही. बोलोन्याच्या या कमानी 2021 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्रात्तोरियाच्या दाराशी पदार्थांचे फोटो नव्हते, पाच भाषांतला मेन्यू नव्हता, आत बोलावणारा माणूसही नव्हता. काचेत हाताने लिहिलेला एक कागद होता, फक्त इटालियनमध्ये, जेमतेम पानभर. अशी जागा दिसली की मला भरवसा वाटतो. इटलीत गोठवलेलं काही वापरलं असेल तर त्या पदार्थापुढे फुली घालून तळटीप द्यावी लागते. त्या कागदावर एकही फुली नव्हती.

साडेसातला दार उघडलं. आत दहा-बारा टेबलं, पांढरी सुती कापडं, भिंतीवर जुन्या घोडागाड्यांची चित्रं. साठीचे एक गृहस्थ वाढायला होते. त्यांनी आईसाठी खुर्ची ओढली, “सिन्योरा” म्हणाले आणि खिशातून एक चिठ्ठी काढून दाखवली. दुपारी फोनवर ऐकलेलं सगळं त्यांनी तिच्यावर लिहून ठेवलं होतं. तिथेच माझी काळजी मिटली. ते टेबल आता रात्रभर आमचं होतं. इथे दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी कुणी उठवत नाही.

आधी पाणी: साधं की फसफसतं, एवढाच प्रश्न. बाटली येते आणि तिचे पैसे पडतात, नळाचं पाणी मागायची पद्धत नाही. मग पावाची टोपली. पावासोबत लोणी येत नाही, तेलाची वाटी येत नाही. तो पाव पुढच्या सॉससाठी आहे. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ते कापड, पाव, मांडणी या सगळ्याचे. पुष्कळ प्रवासी यावरून वाद घालतात. मेन्यूवर ते छापलेलं असतं, आणि त्या बदल्यात टिप द्यायचं बंधन नसतं, हे लक्षात घेतलं तर वादाला जागा उरत नाही. मी पाव लिटर पिन्योलेत्तो मागवली, बोलोन्याच्या टेकड्यांवरची हलकी, बुडबुड्यांची पांढरी वाइन. आईने फसफसतं पाणी घेतलं, ते तिला आवडलं.

पुढचं सगळं एकामागून एक. आन्तिपास्तो म्हणजे सुरुवातीचं थोडंसं, मग प्रीमो म्हणजे पास्ता किंवा सूप, मग सेकोन्दो म्हणजे बहुधा मांस-माशाचा पदार्थ आणि त्याच्या जोडीला कोन्तोर्नो म्हणजे भाजी, शेवटी गोड, कॉफी. आपल्या ताटात डावं-उजवं सगळं एकदम समोर असतं आणि प्रत्येक घासाला चव आपण जुळवतो. इथे एका वेळी एकच चव समोर येते, तिच्यावर दुसऱ्या कशाचाही डाग नसतो, आणि ती संपेपर्यंत पुढची येत नाही. दोन्ही पद्धती माझ्या लाडक्या आहेत. पण दुसरीची मजा घ्यायची तर वेळ द्यावाच लागतो, मधल्या रिकाम्या वेळासकट. सगळे पदार्थ घ्यायलाच हवेत असं मात्र नाही. शेजारच्या टेबलावरच्या इटालियन कुटुंबाने फक्त प्रीमो आणि गोड घेतलं.

माझ्यासाठी मोर्तादेल्ला आली, कागदासारखी पातळ कापलेली. क्रेशेन्तीना, म्हणजे तळलेल्या कणकेचा फुगीर तुकडा, तिच्यासोबत छान लागते, पण आमच्या टेबलावर त्यांनी ती आणलीच नाही. तळण चरबीचं, आणि आई टोपलीतून उचलेल या भीतीने. हे मी मागितलेलं नव्हतं. आईपुढे पिन्त्सिमोनियो आलं: बडीशेपेचा पांढरा कंद, सेलरीचे दांडे, गाजर, सगळं कच्चं, उभं चिरलेलं, आणि बशीत ऑलिव्हचं तेल, मीठ, मिरी. बुडवायचं आणि खायचं. तेल कडवट, घशाला किंचित झोंबणारं होतं. आईने बडीशेपेचा कंद संपवला आणि “हा आपल्याकडे का नाही मिळत?” असं विचारलं. मोठ्या शहरांतल्या काही दुकानांत मिळतो हल्ली, पण इतका रसाळ नाही.

त्यानंतर प्रीमो. माझे तोर्तेल्लीनी इन ब्रोदो, म्हणजे सुपातला सारणाचा छोटा पास्ता. करंगळीच्या टोकाएवढे, बोटाभोवती वळवून टोकं जुळवलेले, आत डुकराच्या कंबरेचं मांस, प्रोशुत्तो म्हणजे खारवून वाळवलेलं डुकराचं मांस, मोर्तादेल्ला, पार्मिजानो, अंडं आणि जायफळ. हीही कृती 1974 साली नोंदवलेली. हे तोर्तेल्लीनी येतात ते खस्सी कोंबडा आणि गोमांस तासन्‌तास उकळून गाळलेल्या सोनेरी सुपात. सॉस नाही, सजावट नाही. बोलोन्याच्या घरांत ते नाताळला होतातच. पहिला चमचा घेतल्यावर जायफळ पुढे आलं, मग मांस, आणि सुपाची ऊब सर्वांच्या मागे राहिली. मलईच्या सॉसमधले तोर्तेल्लीनी मी म्युनिकला खाल्ले होते. त्यात सारणाची चवच कळत नाही. इतकं बारीक काम करायचं आणि ते मलईखाली पुरायचं, हे मला आता सहन होणार नाही.

आईचे ताल्यातेल्ले त्याच क्षणी ठेवले गेले. टेबलावरच्या सगळ्यांचं एकदम यायला हवं, हा इथला शिरस्ता आहे. पिवळ्याधमक रुंद फिती, त्यात पोर्चिनीचे जाड काप, लोणी, लसणाची एक पाकळी, पार्स्ली. चीज नाही. वाढणाऱ्या गृहस्थांनी आईला हातानेच खूण करून सांगितलं की किसणी येणार नाही, निर्धास्त खा. मग मला म्हणाले की पोर्चिनीवर चीज घालणं त्यांना स्वतःलाही पटत नाही, अळंब्याचा वास दबतो. आईला काही वजा करून दिलेलं नव्हतं. तो पदार्थ तसाच खायचा होता. याचा मला झालेला आनंद शब्दांत नीट येत नाही. प्रवासात शाकाहारी माणसाला नेहमी उरलेलं मिळतं: पिझ्झावरचं काढून टाक, सॅलडमधलं वेच, फ्रेंच फ्राइज खा. इथे माझ्या आईसमोर त्या शहराची, त्या महिन्याची सर्वांत चांगली वस्तू होती.

ती सावकाश जेवली. फिती काट्यावर गुंडाळायच्या, सुरीने कापायच्या नाहीत, चमच्याचा आधारही घ्यायचा नाही. काटा ताटाच्या कडेला टेकवून एका वेळी दोन-तीन फितीच उचलल्या की गुंडाळी जमते. “मातीचा वास येतोय,” ती म्हणाली, “पावसाळ्यातल्या रानासारखा नाही, कोरड्या पानांचा.” शेवटी ताटात लोणी आणि अळंब्याचा रस उरला. गृहस्थांनी पावाच्या टोपलीकडे बोट दाखवलं. पावाच्या तुकड्याने ताट पुसून खाणं घरगुती त्रात्तोरियात मुळीच वावगं नाही, स्वयंपाकघराला ती पावतीच वाटते. आईने ताट लख्ख केलं.

सेकोन्दोला मी पोल्पेत्ते घेतले, मटारासोबत शिजवलेले मांसाचे गोळे. स्पॅगेटीवर मांसाचे गोळे ही अमेरिकेतल्या इटालियन स्थलांतरितांची रीत. इथे पास्ता वेगळा, गोळे वेगळे. स्पॅगेटी बोलोनेझ हेही बोलोन्याच्या जुन्या स्वयंपाकघरात नाही. रागू असतो तो ताल्यातेल्लेबरोबर, नाहीतर लझान्यात. गोळे चांगले होते, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं नाही.

खरी गंमत आईच्या बाजूला झाली. मी सेकोन्दो खाणार तेव्हा सिन्योरा नुसत्या बसून राहणार, हे त्या गृहस्थांना मान्य नव्हतं. आत गेले, आणि स्वयंपाकघरातून मालकीणबाईच हात पुसत बाहेर आल्या. सत्तरीच्या असाव्यात, आईच्याच वयाच्या. मी दुभाषी. मटारात प्रोशुत्तोचे तुकडे आहेत, ते नाही चालणार. फ्रिज्जोने, म्हणजे कांदा आणि टोमॅटो तासन्‌तास शिजवून केलेली इथली जुनी भाजी, त्या चरबीत करतात, तीही नाही. मग त्यांनी बोटांवर मोजलं: पांढऱ्या घेवड्याचे दाणे तेल आणि सेजच्या पानांत, वांगं-झुकिनी जाळीवर भाजून, बटाटे रोझमेरी घालून भट्टीत. बटाट्याला तेल कुठलं, असं आईने विचारायला सांगितलं. ऑलिव्हचं. मालकीणबाईंना त्या प्रश्नाचं काही वाटलं नाही, उलट त्या आईच्या शेजारची खुर्ची ओढून दोन मिनिटं बसल्या. नेमकं विचारणाऱ्या माणसाशी त्या नेमकंच बोलत होत्या. “काहीही चालेल” असं म्हणणाऱ्याला त्या काय देणार?

घेवडा अप्रतिम होता. दाणे अख्खे, साल न फुटलेली, आत लोण्यासारखे मऊ.

गोडाला झुप्पा इंग्लेसे हा थरांचा कस्टर्डचा पदार्थ होता, पण त्यातलं लाल अल्केर्मेस हे मद्य परंपरेने किड्यांपासून काढलेल्या रंगाने रंगवतात. मी सांगितल्यावर आईने हात जोडले. त्याऐवजी तोर्ता दी रिझो मागवला. तांदूळ दुधात आणि साखरेत पार आटेपर्यंत शिजवायचे, त्यात अंडी, बदाम, साखरेत मुरवलेली महाळुंगाची साल, मग भाजायचं आणि तिरके तुकडे कापायचे. बोलोन्यात दर दहा वर्षांनी एकेका पॅरिशचा, म्हणजे एका चर्चखालच्या वस्तीचा, उत्सव येतो, त्या दिवशी घरोघरी खिडक्यांतून रंगीत पडदे सोडतात. हा केक त्या सणाचा. त्यात चीज नाही, चरबी नाही. आईने दोन तुकडे खाल्ले आणि कडू बदाम घातलेत का, हे ओळखून विचारलं. होते, थोडे.

शेवटी कॉफी, काळी, दोन घोटांची. कॅपुचिनो सकाळचा, जेवणावर दूध इथे कुणी घेत नाही. सव्वादहा वाजले तरी बिल आलं नव्हतं. ते मागितल्याशिवाय येत नाही, कारण न मागता बिल ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाला उठा म्हणण्यासारखं. “इल कोन्तो” म्हटल्यावर आलं, दोघींचं मिळून 70 युरोच्या आत. मालकीणबाई दारापर्यंत आल्या आणि आईचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी भराभर बोलल्या. त्यातलं मला एवढंच कळलं की पुढच्या महिन्यात आलात तर भोपळा तयार असेल.

कमानींखालून परत चालताना आई म्हणाली, “फ्लोरेन्सलाही असाच फोन करून ठेव. कागद हरवू नकोस.”

सकाळी काउंटरवरच्या त्याच बाईंकडून फोन करवला. फ्लोरेन्सच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, रिबोल्लीता देतो: घेवडा, काळी कोबी, शिळा पाव, तेल, मांस नाही, चीजही नाही. आणि आमच्या पावात मीठ नसतं, हे आधीच सांगून ठेवा.